तिसऱ्या कमानीतला बाक

‘सर्व प्रवाशांकडे प्रवासाची आवश्यक ती कागदपत्रे आहेत’ अशा अर्थाचं एक वाक्य बुकिंगच्या शेवटच्या पानावर होतं आणि त्याच्यापुढे एक रिकामा चौकोन होता. यतीनने त्यात टिक मारली. वाक्य वाचलं नाही. सॉफ्टवेअरमधला माणूस असले चौकोन वाचत नाही. ते बनवणारे आपणच, त्यात काय असतं ते आपल्याला ठाऊक, अशी त्याची समजूत होती.

बरं, कुणी हटकलं नाही असंही नाही. ज्यांच्या घरात तो भाड्याने राहायचा त्या सुप्रभाकाकू ओले हात कार्डिगनला पुसत त्याच्या खुर्चीमागेच उभ्या होत्या.

“यतीन, माझा पासपोर्ट अजून आपलाच आहे बरं का. निळा. चालेल ना माल्टाला?”

“काकू, तुमचं इंडेफिनिट आहे ना? कायमचं राहायची परवानगी? शिवाय काकांचा पासपोर्ट ब्रिटिश. धावेल.”

‘धावेल’ हा बार्शीचा शब्द. बार्शीत तो शब्द टायरपासून जावयापर्यंत कशालाही लावतात. पण यतीनच्या तोंडी तो आला की कार्डिफमधल्या मराठी मंडळींना तो कायद्यासारखा वाटायचा. कारण यतीन क्रॉयडनला जाऊन आला होता. तिथल्या व्हिसाच्या कचेरीत पहाटे रांगेत उभं राहून दुपारी शिक्का घेऊन परतलेला माणूस म्हणजे पूर्वी काशीहून परतलेला असायचा तसा. त्याला मग कुणीही काहीही विचारावं. पॉइंट किती लागतात, बायकोला नोकरी करता येते का, आईला सहा महिने बोलावता येतं का. यतीन सगळ्यांना सांगायचा आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. त्यामुळे त्याची सवय बिघडली होती.

ही गोष्ट दोन हजार आठच्या एप्रिलमधली. माल्टा चार महिन्यांपूर्वीच शेंगेनमध्ये गेलं होतं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी जो एक व्हिसा लागतो तो आता तिथेही लागत होता. निळ्या पासपोर्टवाल्यांना तर लागतच होता. यतीनचा स्वतःचा पासपोर्ट निळाच होता. त्याने साधं स्वतःच्या खिशात डोकावलं असतं तरी त्याला शंका यायला हवी होती.

काकूंचा पासपोर्ट तेहतीस वर्षांनंतरही निळा का, याचं उत्तर काकूंकडे तयार असायचं. “ब्रिटिश घेतला की भारताचा व्हिसा काढावा लागतो. माहेरी जायला परवानगी मागायची? मी नाही मागणार.” दीनानाथकाकांनी कधीच बदलला होता. “मी आपला सासरी जातो,” ते म्हणायचे, “सासरी जायला परवानगी मागावीच लागते.”

माहेर मिरजेचं. काका सावंतवाडीकडचे मणेरीकर, पण मिरजेत हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागले, तिथेच लग्न झालं आणि तिथूनच पंचाहत्तर साली कार्डिफच्या हॉस्पिटलात रक्ताच्या बाटल्या तपासायला आले. काकूंनाही पुढे त्याच हॉस्पिटलात काम मिळालं. तळघरात, पेशंटांच्या जुन्या फायली ठेवतात तिथे. बावीस वर्षं त्यांनी फायली लावल्या. सुट्टी मिळाली की दोघं मिरजेला. “ज्या गावाला लोक ऑपरेशनला येतात, तिथे आम्ही हॉलिडेला जायचो,” काका सांगायचे. मूलबाळ नव्हतं. बाकी जगात कुठे म्हणून कुठे गेले नाहीत. दीडशे मैलांवरचं लंडनसुद्धा विमान पकडण्यापुरतं पाहिलेलं.

माल्टा त्यांच्या आयुष्यात तळघरातूनच आलं. काकूंच्या शेजारच्या टेबलावर ग्लेनिस नावाची वेल्श बाई काम करायची. दर मे महिन्यात ती नवऱ्याबरोबर माल्टाला जाई आणि तिथून ऑफिसला पोस्टकार्ड पाठवी. ते भिंतीवर टाचणीने लावायचं काम काकूंचं. निळं पाणी, पिवळे दगड, डोळे रंगवलेल्या होड्या. बिनखिडकीच्या तळघरात बावीस वर्षांची बावीस कार्डं जमली आणि काकू रिटायर झाल्या तेव्हा ग्लेनिसने ती सगळी काढून त्यांच्या हातात दिली. आता ग्लेनिस त्यांच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहात होती. नवरा वारल्यापासून तिचंही माल्टा सुटलं होतं.

मार्चमध्ये काकूंची पाच वर्षांपूर्वी गेलेली गाठ परत आली. या वेळी यकृतात. डॉक्टरांनी जूनच्या नऊ तारखेपासून औषधं सुरू करायचं ठरवलं आणि सांगितलं की त्याआधी कुठे जाऊन यायचं असेल तर आत्ताच जाऊन या. काकांना वाटलं, ही मिरज म्हणणार. काकू म्हणाल्या, “माल्टा.”

मग वहीच निघाली. वर्षानुवर्षं चिवड्याची आणि लोणच्याची प्रमाणं ज्या वहीत लिहिली, तिच्याच मागच्या पानांवर काकूंनी सात दिवस आखले. लायब्ररीतून आणलेलं गाइड आणि ग्लेनिसची कार्डं समोर ठेवून. रविवारी राजधानी वॅलेटा, तिथली उंचावरची बाग आणि रोज दुपारी बाराला उडणारी तोफ. सोमवारी तटबंदीच्या आतलं जुनं शांत गाव. मंगळवारी बोटीने गोझो नावाचं शेजारचं बेट, तिथे समुद्रात उभी असलेली दगडाची खिडकी. बुधवारी होड्यांच्या गावात मासे. गुरुवारपुढे लिहिलं होतं, ‘काही नाही. बसणे.’

निघायच्या आदल्या रविवारी कार्डिफच्या मराठी मंडळाच्या बायकांनी निरोप दिला. कुणी हातावर दही ठेवलं, कुणी चकल्या बांधून दिल्या; जणू काकू माल्टाला नाही, मोहिमेवर निघाल्या होत्या. ग्लेनिसने आपली मोठ्या कडांची उन्हाची टोपी आणून दिली. “टोपीचं भाडं एक कार्ड,” ती म्हणाली. “बावीस वर्षं मी पाठवली. आता तुझी पाळी.”

“पाठवते,” काकू म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी.”

शनिवारी सकाळी विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने काकांचा पासपोर्ट पाहिला आणि काकूंचा दोनदा चाळला. मग तिने कुणालातरी बोलावलं. तो माणूस फार नम्र होता. नम्रपणानेच त्याने सांगितलं की व्हिसा नाही, आम्ही बसवू शकत नाही. यतीन त्यांना सोडायला आला होता. तो “पण हजबंड ब्रिटिश आहेत” असं तीनदा बोलला, तिसऱ्यांदा बोलताना त्याचं त्यालाच ते केविलवाणं वाटलं. काकूंच्या डोक्यावर ग्लेनिसची टोपी होती. ती त्यांनी हळूच काढून हातात घेतली.

गाडीत काका फुटले. “तेहतीस वर्षं! तेहतीस वर्षं म्हणतोय, बदल, बदल तो पासपोर्ट! माहेर, माहेर! घे आता माहेर! आणि या बार्शीकराला सांगायचं तरी होतंस, माझा निळा आहे म्हणून!”

यतीन गाडी चालवत होता. समोरच्या आरशात त्याला काकू दिसत होत्या. त्याने तोंड उघडलं.

“नाही सांगितलं,” काकू आरशात त्याच्याकडे बघत म्हणाल्या. “विसरले. चुकलंच माझं.”

यतीनने तोंड मिटलं. मिटलं ते मिटलंच.

घर जवळ आलं तसं काकू म्हणाल्या, “यतीन, मागच्या गल्लीने घे. आणि सात दिवस आम्ही घरात नाही.”

“म्हणजे?” काका.

“म्हणजे माल्टात आहोत. दही घेऊन निघालेली बाई त्याच दिवशी परत आली तर लोक काय म्हणतील? आधीच सगळ्या माझ्याकडे बघून डोळ्यांना रुमाल लावताहेत. आणखी एक कारण नको त्यांना.”

मग पुढच्या खोलीचे पडदे ओढले गेले. फोन वाजू दिला. यतीन घर सांभाळणारा म्हणून उजळ माथ्याने ये-जा करायचा आणि पिशवीतून भाजी आणायचा. दोघं म्हातारे मागच्या स्वयंपाकघरात. रविवारी बरोबर बाराला काकूंनी कुकर लावला आणि शिटी होताच म्हणाल्या, “झाली तोफ. अहो, बघितलीत का?”

काका तोंड फिरवून बसले होते. “ऐकली. शेजाऱ्यांनीही ऐकली असेल.”

“शेजाऱ्यांना म्हणावं, यतीन भात करतोय.”

“यतीन? भात? त्यापेक्षा तोफेवर विश्वास ठेवतील.”

दोन दिवस काका असे कुरकुरत होते. मंगळवारी मात्र काकूंनी दगडाच्या खिडकीचं कार्ड काढून फ्रिजला लावलं, तेव्हा तेच चष्मा लावून म्हणाले, “ही पडणार एक दिवस. बुडाला बारीक झालीय.” आणि बुधवारी यतीनने मार्केटातून बांगडे आणले तेव्हा मणेरीकरांनी स्वतः साफ केले. खिडक्या बंद ठेवून बांगडे तळले. सगळं घर वासाने भरलं, छताचा धुराचा अलार्म वाजला आणि काका स्टुलावर चढून टॉवेलने त्याला वारा घालत असताना काकू इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. यतीनला वाटलं, आत्ता सांगावं. हसताहेत तोवर. पण बांगडा गरम होता.

गुरुवारी तो ऑफिसमधून लवकर आला. काकू मागच्या अंगणात, भिंतीच्या आडोशाला टोपी घालून बसल्या होत्या. ऊन फारसं नव्हतं.

“काकू, तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?”

“अरे, ते आधीच कुणाला तरी ओरडायला शोधताहेत. आजाराला ओरडता येत नाही ना. मला ओरडले की लगेच चहा करून देतात. तुला ओरडले असते तर खोलीबाहेर काढलं असतं. मग मला बांगडे कुणी आणले असते?” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “पण एक सांगते. तू बघायला हवं होतंस रे.”

एवढंच. आवाज चढवला नाही. यतीनने त्यानंतर आयुष्यात एकही चौकोन न वाचता सोडला नाही, पण ते नंतर.

रविवारी काकू ‘परत’ आल्या. सोमवारी ग्लेनिस आली. ज्या बाईने माल्टा बावीस वेळा पाहिलं तिच्यासमोर बसून काकूंना माल्टा सांगायचं होतं. यतीनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहाचे कप ठेवले आणि दाराशीच उभा राहिला.

“रंग काही बदलला नाही गं तुझा,” ग्लेनिस म्हणाली.

“आमचा रंग कंपनीतूनच पक्का येतो.”

ग्लेनिस खोखो हसली. मग काकू सांगत गेल्या. होड्यांचे डोळे, गोझोच्या बोटीतला वारा, शांत गावातल्या भिंतींना हात लावला की लागणारी ऊब. त्या इतकं बारीक सांगत होत्या की यतीनलाच वाटलं, आपण ऑफिसला गेल्यावर या खरंच जाऊन आल्या की काय. “आणि त्या वरच्या बागेत,” काकू म्हणाल्या, “कमानी आहेत ना समुद्राकडे? तिसऱ्या कमानीत एक बाक आहे. मी दमले होते. तिथे बसले. खूप वेळ बसले. सगळं बंदर खाली. सगळ्यात चांगली जागा तीच.”

ग्लेनिसने कप खाली ठेवला. काकूंकडे पाहिलं, मग फ्रिजवरच्या आपल्याच जुन्या कार्डाकडे. “हो,” ती म्हणाली, “छान बाक आहे तो.” आणि उठताना, “माझं कार्ड नाही आलं अजून.”

“पोस्टात असेल,” काकू म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात सुप्रभाकाकू कार्डिफच्या मराठी मंडळींत माल्टाच्या तज्ज्ञ झाल्या. माल्टाला जायचं म्हटलं की आधी काकूंना फोन. केमोच्या खुर्चीत बसून त्या सल्ले द्यायच्या. “बसने जा, टॅक्सी नको. सकाळी गर्दी नसते. गुरुवारी काही करू नका.” ऑगस्टमध्ये मंडळाची सेक्रेटरी मीनल नवऱ्यामुलांसह जाऊन आली आणि थेट काकूंकडेच आली.

“काकू, तुमच्या लिस्टने मज्जा आली! एक एक जागा, अगदी तुम्ही सांगितली तश्शी. फक्त तो बाक नाही सापडला हो. तिसऱ्या कमानीत काहीच नाही.”

काकूंच्या डोक्यावर तेव्हा स्कार्फ होता. त्यांनी तो सावरला. “रंगवायला काढला असेल,” त्या म्हणाल्या.

मधल्या काळात काकांनी गप्पपणे व्हिसाचा अर्ज केला होता. स्वतः वाचून, भिंग घेऊन, यतीनला न विचारता. लंडनला दोघं ट्रेनने जाऊन कागदांचा गठ्ठा देऊन आले. सप्टेंबरमध्ये निळ्या पासपोर्टात व्हिसा चिकटून आला, तीन महिन्यांचा. काकूंनी त्याच्यावरून अंगठा फिरवला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं.

दिवाळीत त्यांनी यतीनला खोलीत बोलावलं. उशीखालून एक कार्ड काढलं. वॅलेटाच्या बागेचं, कोरं. मीनलकडून कधीतरी मागून घेतलेलं. मागे लिहून झालं होतं, ग्लेनिसचा पत्ता घालून.

“तू कधी गेलास तर तिथून टाक. तिथलं तिकीट लावून. तारीख नाही टाकली मी.”

“काकू, पण तेव्हा...”

“तेव्हा काय? पोस्टात उशीर झाला म्हणेल ती. माझं एवढं एक खोटं खरं करून टाक.”

नोव्हेंबरच्या मध्याला काकू गेल्या. मंडळ झाडून आलं. बायका एकमेकींना माल्टाच सांगत होत्या. निदान एवढं तरी पाहिलं हो, किती हौसेने सांगायच्या. काका हात जोडून ऐकत होते.

तेरावा झाल्यावर यतीनने सांगितलं. टेबलावर दोघंच होते, मीनलने पाठवलेली आमटी निवत होती. त्याने सगळं सांगितलं. चौकोन, निळा पासपोर्ट, ‘धावेल’. काकूंनी विचारलं होतं हेही.

यतीनने ओरडा खायची तयारी केली होती. ओरडा आला असता तर बरं झालं असतं.

“मी तिला गाडीत बोललो,” काका म्हणाले. “माहेर काढलं तिचं. नंतरही तीनचार वेळा बोललो. चिडलो की तेच काढायचो. आणि ती ‘चुकलं’ म्हणायची.” त्यांनी चमचा उचलून परत ठेवला. “आता ते मी कुणाकडे जाऊन परत घेऊ, सांग.”

त्यानंतर दहाएक दिवस काका त्याच्याशी बोलले नाहीत. चहा मात्र दोन कप करायचे; एक टेबलावर झाकून ठेवलेला असायचा. यतीन दुसरी खोली शोधत होता. एका सकाळी कपाशेजारी चिवड्याची वही होती, मागून उघडलेली, आणि काकांच्या अक्षरात एक चिठ्ठी. ‘ईस्टरनंतर. तुझा व्हिसा तू काढ. या वेळी वाचून.’

एप्रिलमध्ये ते दोघं माल्टाला गेले. वहीतल्या क्रमानेच फिरले. दोन पुरुष, एक सत्तरीला टेकलेला, एक तिशीच्या आतला. हॉटेलवाल्यांना बापलेक वाटले आणि दोघांनीही ते दुरुस्त केलं नाही. रविवारी बाराला ते वरच्या बागेत होते. तोफ उडाली. काका दचकले आणि म्हणाले, “कुकर बरा होता.”

मग ते कमानी मोजत गेले. तिसऱ्या कमानीत बाक नव्हता. बाक होते, पण मागे, झाडांच्या सावलीत. इथे नुसता दगडी कठडा आणि खाली सगळं बंदर, कार्डावर असतं त्याहून निळं. यतीन म्हणाला, “काका, मागे बसू या का?”

“नको,” काका म्हणाले. बाक नव्हता त्या जागी ते उभे राहिले. पाय दुखत असणार, कारण ते एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत होते. ग्रुप येऊन फोटो काढून गेले, दुसरे आले. काका कठड्याशी तोंड करून हळू आवाजात काही बोलत होते. यतीन ऐकू येणार नाही इतका लांब गेला.

परतताना रस्त्यात पोस्टाची लाल पेटी लागली. हुबेहूब कार्डिफच्या कोपऱ्यावर असते तशी. इंग्रज जाताना सोडून गेलेली. यतीनने सकाळीच तिकीट घेऊन ठेवलं होतं. त्याने कार्ड काढलं, तिकीट चिकटवलं आणि पेटीपाशी गेला.

“काय ते?” काका म्हणाले. त्यांना कार्डाचं माहीतच नव्हतं. यतीनने सांगितलं. काकांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. अक्षर थोडं कललेलं होतं, शेवटच्या दिवसांतलं.

‘ग्लेनिस, ऊन छान आहे. बाकावर बसून लिहितेय. हे बाजूला बसलेत, एकदाही ओरडले नाहीत. तू हवी होतीस. सुप्रभा.’

काकांनी ते दोनदा वाचलं. यतीनने हात पुढे केला. काकांनी कार्ड दिलं नाही. कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि वरून बटण लावलं.

“काका, त्यांनी मला सांगितलं होतं. टाकायला.”

“माहितेय.”

“ग्लेनिस वाट बघते.”

“बघू दे थोडी. मला आत्ताच मिळालंय.”

कार्डिफला आल्यावर तिसऱ्या दिवशी ग्लेनिस फाटकाशी भेटली. टोपी परत करायला काका विसरले नव्हते; धुऊन, कागदात गुंडाळून दिली. तिने ती उघडून पाहिली, कडा बोटांनी सरळ केल्या.

“तुम्ही जाऊन आलात म्हणे. बाक होता?”

“होता,” काका म्हणाले.

ग्लेनिसने मान हलवली. मग जरा थांबून, जसं कुणी रोजचंच विचारतं तसं, म्हणाली, “तिचं कार्ड नाही आलं हो अजून.”

यतीनने काकांकडे पाहिलं. काकांचा हात कोटावर, आतल्या खिशाच्या जागी गेला आणि तिथेच राहिला.

“पोस्टात असेल,” काका म्हणाले.

“हो. एकदा माझं पाच आठवड्यांनी आलं होतं,” ग्लेनिस म्हणाली आणि टोपी घालून घराकडे गेली. पाऊस भुरभुरत होता.